बधिर हात: घड्याळ बघा आणि बोटं मोजा

प्रश्न असा आला आहे: "वय ४१, दिवसभर कॉम्प्युटरवर काम. तीन आठवड्यांपूर्वी पहाटे चारला जाग आली तेव्हा उजवा हात खांद्यापासून खाली मेल्यासारखा पडला होता. डाव्या हातानं उचलून पोटावर ठेवला. चार-पाच मिनिटांत मुंग्या आल्या आणि हात हलायला लागला. तेव्हापासून आठवड्यातून दोन-तीनदा करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होऊन जाग येते, हात सरळ केला की जातं. माझ्या वडिलांना लकवा झाला होता. घरचे म्हणतात हाताचा रक्तपुरवठा थांबतो. एक मित्र म्हणतो बी१२ची इंजेक्शनं घे, दुसरा म्हणतो मानेचा एमआरआय काढ. काय करू?"

उत्तराचा निम्मा भाग तुम्हीच लिहिला आहे. "चार-पाच मिनिटं" आणि "करंगळी आणि शेजारचं बोट" हे तुमचे शब्द माझ्यासाठी कुठल्याही एमआरआयपेक्षा मोलाचे आहेत. मी गेली सव्वीस वर्षं मज्जासंस्थेचे आजार पाहते आहे. समोर बसलेले बहुतेक जण "हात बधिर होतो" एवढंच सांगतात. कुठली बोटं, किती वेळ, झोपताना हात कुठे होता, हे विचारलं की विचारात पडतात. दोष त्यांचा नाही, पहाटे चारला हात सापडत नाही तेव्हा कोण बोटं मोजणार? तरी मी प्रत्येकाला तेच सांगते. पुन्हा झालं तर दिवा लावा, घड्याळ बघा, आणि दुसऱ्या हातानं एकेक बोट चाचपून कुठलं बधिर आहे ते ठरवा.

आधी ती पहिली पहाट. आपल्या बोलीत "शीर दबली" म्हणतात, आणि गोंधळ त्या शब्दापासूनच सुरू होतो. शीर म्हणजे रक्तवाहिनीही आणि शीर म्हणजे संवेदना वाहून नेणारी नसही. त्यामुळे हात बधिर झाला की डोळ्यांसमोर रक्त थांबलेला, आता सडणार असा हात येतो. पुढच्या वेळी मनगटावर नाडी चाचपून बघा. हात लाकडासारखा पडलेला असतो आणि नाडी मात्र नेहमीसारखी उडत असते. दबलेली असते ती नस. नसेला स्वतःचं पोट भरायला केसांहून बारीक रक्तवाहिन्या असतात. डोक्याचा किंवा अंगाचा भार एकाच जागी पडून राहिला की त्या मिटतात आणि नसेच्या तेवढ्या तुकड्याला प्राणवायू मिळेनासा होतो. मग त्या तुकड्यातून निरोप जाणं थांबतं. इंग्लंडमधले टॉमस लुईस आणि त्यांचे सहकारी यांनी १९३१ साली याचे प्रयोग प्रसिद्ध केले. दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधून तो फुगवून ठेवायचा आणि काय होतं ते बघायचं. साधारण पाव तासानं बोटांची टोकं बधिर व्हायला लागली आणि बधिरपणा हळूहळू वर चढत गेला. आधी बोटं आणि मग वर, हा क्रम झोपेत दबलेल्या हातातही दिसतो.

नसेत जाड तंतू असतात आणि बारीक तंतू असतात. स्पर्श, हात कुठे आहे याची जाणीव आणि स्नायूंना जाणारे हुकूम हे सगळं जाड तंतूंतून जातं, आणि दाबाखाली आधी हार मानतात ते जाड तंतूच. म्हणून तुम्हाला स्वतःचा हात दुसऱ्या कोणाचा तरी वाटला. दाब निघाला की प्राणवायू परत येतो, पण तंतू काही वेळ बिथरलेले राहतात आणि बाहेरून काहीही घडत नसताना आपणहून निरोप पाठवत सुटतात. त्याच तुमच्या मुंग्या. मुंग्या येणं हे नस जागी होत असल्याचं लक्षण आहे. त्या वेळी हात जोरजोरात चोळायची, गरम पाण्यात घालायची किंवा बाम लावायची गरज नाही. बधिर हात गरम पाण्यात घालून भाजून घेतलेले रुग्ण मी पाहिले आहेत. पाणी किती कढत आहे हे त्या हाताला कळतच नव्हतं. हात अंगाखालून काढा, बोटं उघडझाप करा आणि वाट बघा.

निरोगी माणसाला असं एरवी रोज होत नाही, कारण झोपेतही शरीर राखण करत असतं. एखादा भाग दबला की अर्धवट जाग येते, आपण कूस बदलतो आणि सकाळी काही आठवत नाही. ही राखण ढिली पडते ती दारूनं, झोपेच्या गोळ्यांनी किंवा बेसुमार थकव्यानं. मग हात तासन् तास दबून राहतो, आणि तेव्हा गोष्ट पाच मिनिटांवर थांबत नाही.

उसाचा हंगाम ऐन भरात असताना माझ्याकडे एक तरुण ऊसतोड कामगार आला होता. आदल्या दिवशी पहाटेपासून तोड, मग संध्याकाळी गाडी भरणं. रात्री कारखान्याच्या रांगेत ट्रॉली उभी असताना तो फळीवर दंड टाकून बसल्या बसल्या झोपला. उठला तेव्हा उजवं मनगट लुळं होतं. तळवा खाली करून हात पुढे धरला की पंजा नुसता लोंबत होता. "अंगावरून वारं गेलं" असं टोळीतल्या सगळ्यांनी ठरवलं आणि तेलाच्या मालिशीत चार दिवस गेले. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकाचा हात गेला की कोयता थांबतो आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फिटत नाही. त्यामुळे बायकोच्या चेहऱ्यावर आजारापेक्षा त्या हिशेबाची काळजी जास्त होती.

मी त्याचं मनगट माझ्या हातानं वर उचलून धरलं आणि म्हटलं, आता माझी बोटं दाब. त्यानं कळ येईल इतकी जोरात दाबली. पकड शाबूत होती. मनगट खाली पडल्यामुळे ती कमजोर वाटत होती, एवढंच. कोपर तो जोरानं सरळ करत होता, चेहरा सरळ होता, बोलणं स्वच्छ होतं, पाय भक्कम. बधिर होती फक्त हाताच्या पाठीवर, अंगठा आणि तर्जनीच्या मधली चार बोटं रुंदीची जागा. मनगट वर उचलणारी नस दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून जाते. तिथे तिला गादीच नसते, आणि फळी नेमकी तिथेच रुतली होती. जगभरातल्या डॉक्टरी पुस्तकांत याला शनिवार रात्रीचा लकवा म्हणतात, कारण तिकडे पिऊन खुर्चीच्या पाठीवर हात टाकून झोपलेल्यांत हा दिसे. आपल्याकडे दारूइतकाच तो थकव्यानं होतो. बाजेच्या लाकडावर, ट्रकच्या खिडकीवर, रेल्वेच्या बाकावर. दंडावर डोकं टेकून रात्रभर झोपलेल्या लेकरामुळेसुद्धा तो झालेला मी पाहिला आहे.

त्या कामगाराला मनगट वर धरून ठेवणारी पट्टी दिली आणि बोटांचे व्यायाम शिकवले. सहाव्या आठवड्यात मनगट थोडं उचललं गेलं आणि अडीच महिन्यांत हात पूर्ण परतला. एवढा वेळ का लागतो, याचं उत्तर १९७२ साली मिळालं. ओचोआ, फाउलर आणि गिलियट या तिघांनी बबून माकडांच्या पायाला आवळपट्टा बांधून दबलेल्या नसा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. नसेच्या तंतूवर वायरीच्या प्लॅस्टिकसारखं आवरण असतं. जास्त दाबाखाली ते सरकून एकात एक घुसलेलं त्यांना दिसलं. तार शाबूत, आवरण बिघडलेलं. हे आवरण पुन्हा नीट व्हायला आठवडे लागतात, कधी दोन-तीन महिनेही. पण आतली तारच तुटली तर ती दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढते. मग दंडापासून पुढच्या स्नायूंपर्यंत पोचायला काही महिने धरावे लागतात. ब्रिटिश शल्यचिकित्सक हर्बर्ट सेडन यांनी १९४३ साली, महायुद्धातल्या जखमींच्या नसा पाहून, इजेच्या पायऱ्या अशाच मांडल्या होत्या आणि आम्ही आजही त्याच वापरतो. तुमची पहिली पहाट यातल्या कुठल्याच पायरीवर पोचली नव्हती. पाच मिनिटांत परतलेल्या नसेला इजा झालेली नसते.

आता तुमच्या करंगळीकडे येऊ. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हाच आहे, तो एक पहाटेचा मेलेला हात नव्हे.

कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचा उंचवटा आहे. तिथे आपटलं की करंगळीपर्यंत करंट जातो, ती नस. ती एका अरुंद खोबणीतून जाते. कोपर काटकोनापेक्षा जास्त दुमडलं की ती खोबण आणखी अरुंद होते आणि नसही ताणली जाते. करंगळी आणि अनामिकेचा करंगळीकडचा अर्धा भाग ही त्या नसेची हद्द. तुम्ही रात्री बहुतेक कुशीवर, हात दुमडून गालाखाली किंवा उशीखाली घेऊन झोपत असणार. दिवसा टेबलाच्या काठावर कोपरं टेकवून टायपिंग, नाहीतर कोपर दुमडून मोबाइल कानाला. एकट्या झोपेचा हा दोष नसतो. दिवसभर डिवचलेली नस रात्री तक्रार करते.

इलाज घरात आहे. एक जुना टॉवेल किंवा पंचा घ्या, लांबट घडी करा, कोपराभोवती सैलसर गुंडाळा आणि पट्टीनं अडकवा. घट्ट आवळू नका, नाहीतर एका दाबाच्या जागी दुसरा येईल. हेतू एवढाच की झोपेत कोपर पूर्ण दुमडता येऊ नये. किंचित वाकलं तर चालेल. पहिल्या दोन-तीन रात्री झोपेत तुम्ही तो काढून टाकाल, मग सवय होते. गुडघ्याचा कापडी पट्टा मिळतो, तोही चालतो. कुशीवर झोपायचंच असेल तर पोटाशी एक उशी घेऊन वरचा हात तिच्यावर लांब ठेवा. ऑफिसात खुर्चीच्या हातांवर मऊ काही घाला, टेबलाच्या धारेवर कोपर टेकवू नका आणि फोन स्पीकरवर किंवा इयरफोनवर घ्या. हे दीड ते दोन महिने नेटानं करा. आठवड्यानं सोडून देऊन "उपयोग झाला नाही" म्हणणारे खूप भेटतात.

पण दोन गोष्टी दर रविवारी तपासा. वर्तमानपत्राचा कागद दोन्ही हातांच्या अंगठा आणि तर्जनीच्या कडेत सरळ धरा आणि कोणाला तरी तो ओढायला सांगा. उजव्या हाताचा अंगठा कागद राखण्यासाठी टोकाच्या पेरात वाकत असेल तर स्नायू कमजोर होऊ लागला आहे. ही चाचणी फ्रान्सच्या ज्यूल्स फ्रोमां यांनी १९१५ साली दिली आणि तिला पैसा लागत नाही. दुसरं, हाताच्या पाठीवर अंगठा आणि तर्जनीच्या मधला फुगीर भाग दोन्हीकडे सारखा आहे का ते बघा. एका बाजूला तिथे खड्डा पडत असेल, किंवा बधिरपणा दिवसाही टिकायला लागला, तर टॉवेलवर विसंबू नका. मज्जातज्ज्ञांकडे जा आणि नसेचा वेग मोजणारी तपासणी करून घ्या. लोक तिला करंटची टेस्ट म्हणतात. चिमटे बसल्यासारखं होतं, अर्ध्या तासात संपते. स्नायू पुरता वाळल्यावर आलेल्या रुग्णाला ऑपरेशन करूनही गेलेली ताकद पूर्ण परत देता येत नाही. हे सांगताना मला दर वेळी वाईट वाटतं.

करंगळीच्या नसेबद्दल बोलताना एक गोष्ट मी महाराष्ट्रात कधीच गाळत नाही. कोपराजवळची हीच नस कुष्ठरोगात जाड होते. बधिरपणा रात्रीपुरता नसून कायमचा असेल, करंगळीला चटका बसूनही कळत नसेल, अंगावर कुठे फिकट किंवा लालसर आणि स्पर्श न कळणारा चट्टा असेल, तर लाज न बाळगता दाखवा. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. प्रकारानुसार ६ किंवा १२ महिन्यांचा उपचार असतो आणि वेळेत सुरू झाला तर हात वाचतो. तुमच्या वर्णनात यातलं काही नाही. पण हे उत्तर इतरही वाचणार आहेत.

बोटं वेगळी असती तर माझं उत्तरही वेगळं असतं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होऊन रात्री दोन-तीनला जाग येते, पलंगाबाहेर हात झटकला की बरं वाटतं, ही तक्रार मी सर्वांत जास्त ऐकते ती चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांकडून. वर्षानुवर्षं कणीक तिंबणं, पोळ्या लाटणं, कपडे पिळणं. नस दबते ती मनगटात. झोपेत मनगट आत दुमडलं की तिथला दाब वाढतो. मनगट सरळ ठेवणारी पट्टी रात्री बांधली तर पुष्कळ जणींना महिन्याभरात फरक पडतो. सोबत थायरॉइड आणि साखर तपासायची. गरोदरपणातही हे होतं आणि बाळंतपणानंतर बहुतेकदा आपोआप जातं. मानेचं दुखणं असेल तर मान एका बाजूला वळवल्यावर कळ खांद्यातून हातात उतरते, आणि गंमत म्हणजे हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं. तसे रुग्ण तसेच झोपतात.

म्हणून एमआरआयची घाई नको. चाळिशीनंतर काहीही त्रास नसलेल्या माणसांच्या मानेतही गादी सरकल्याचं चित्रात दिसतं. मग कोपराचं दुखणं राहतं बाजूला आणि मानेला पट्टा लागतो. बी१२चंही तसंच. शाकाहारी लोकांत आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते कमी होतं हे खरं, पण त्याचा बधिरपणा बहुधा दोन्ही पायांपासून सुरू होतो. एकाच हाताची दोनच बोटं, तीही कोपर दुमडल्यावर, असं तो वागत नाही. शंका असेल तर रक्त तपासा आणि कमी निघालं तर घ्या. न तपासता टोचून घेऊ नका.

वडिलांच्या लकव्याची भीती तुमच्या प्रश्नामागे आहे हे मला दिसतं आहे, म्हणून याबद्दल स्पष्ट लिहिते. मेंदूचा झटका येतो तेव्हा बहुतेकदा ताकद जाते, आणि हात कसाही ठेवला तरी ती परतत नाही. सोबत ओठाचा कोपरा ओघळतो, जीभ जड होते, त्याच बाजूचा पाय लटपटतो किंवा वाक्य जुळत नाही. जाग आल्यावर शंका वाटली तर आरशासमोर दात दाखवा, घरच्यांशी दोन पूर्ण वाक्यं बोला, डोळे मिटून दोन्ही हात तळवे वर करून दहा सेकंद समोर धरा आणि चालून बघा. एक हात खाली घसरत असेल किंवा यातलं काहीही चुकत असेल तर १०८ला फोन करा.

"मग थोड्या वेळात बरं झालं" एवढ्यावर मात्र सगळं सोडून देऊ नका. मेंदूचा छोटा झटकाही काही मिनिटांत निवळतो आणि तो मोठ्या झटक्याची पूर्वसूचना असू शकतो. मी फरक असा करते. हात खरोखर दबलेला होता का, आणि परतताना मुंग्या आल्या का? तुमच्या बाबतीत दुसऱ्याचं उत्तर "हो" आहे, पहिल्याचंही तसंच दिसतं, आणि नंतरची लक्षणं एकाच नसेच्या हद्दीत आहेत. याउलट जागेपणी, कुठेही न दबता हात गळून पडला आणि दहा मिनिटांत परतला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. डावा हात जड होऊन छातीत दाबल्यासारखं होत असेल, घाम फुटत असेल, तरीही. हात पांढराफटक, गार, नाडी लागत नाही आणि असह्य दुखतो आहे, तर तिथे मात्र खरंच रक्त थांबलेलं असतं. ती वेगळी आणीबाणी आहे.

झोपेतून उठल्यावर कळलेल्या झटक्यात घरच्यांकडून एक चूक फार होते. उजाडेपर्यंत वाट बघणं, तेल चोळणं, "रात्री नीट झोप झाली नसेल" म्हणणं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि तास मोजायचे ते माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. पूर्वी झोपेतून उठलेल्यांना आम्ही बऱ्याचदा हे इंजेक्शन देऊ शकत नव्हतो. २०१८ साली युरोपातल्या एका मोठ्या चाचणीनं दाखवलं की एमआरआयवर ठरावीक खुणा दिसल्या तर अशांतल्या काहींना ते देता येतं आणि फायदा होतो. म्हणून हॉस्पिटलमध्ये गेल्यावर पहिल्यांदा सांगायची गोष्ट ही, की रात्री किती वाजता ते ठीक बोलले-चालले होते.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आज रात्रीपासून कोपराला टॉवेल, टेबलावरून कोपर बाजूला, आणि उशाशी एक चिठ्ठी, तिच्यावर तारीख, वेळ आणि बोटं. हे वारंवार, वेगवेगळ्या हातापायांत होत असेल आणि घरात आई-वडील किंवा भावंडांनाही असेच प्रकार होत असतील तर डॉक्टरांना तेही सांगा. थोड्याशा दाबानंही नसा बधिर होण्याची एक आनुवंशिक ठेवण असते आणि तिची तपासणी वेगळी आहे. आणि वडिलांचा इतिहास आहे तेव्हा या आठवड्यात रक्तदाब आणि उपाशीपोटीची साखर मोजून घ्या. ४१व्या वर्षी ती मोजायचीच असते. मधुमेह असेल तर नसा दाबाला लवकर बळी पडतात, त्यामुळे साखरेचा आकडा तुमच्या करंगळीसाठीही मला हवा आहे.